फरशीपूर्व तळाचे समतलीकरण : एक विवेचन

प्रस्तावना
महाविद्यालयांच्या जुन्या इमारतींत कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर व्हिट्रिफाइड टाइल्स बसविणे आता नित्याचे झाले आहे. अशा वेळी टाइलचा रंग व दर यांची चर्चा होते. तळाची मोजणी मात्र क्वचितच होते. वस्तुतः पोकळ वाजणाऱ्या, तडकणाऱ्या व कडेला ठेच लागणाऱ्या टाइल्सचे मूळ पुष्कळदा तळातच असते.

समपातळी व सपाटी
या दोन संकल्पनांत भेद आहे. पृष्ठभागाचे सर्व बिंदू एकाच उंचीवर असणे म्हणजे समपातळी. त्यावर उंचवटे व खड्डे नसणे म्हणजे सपाटी. स्नानगृहाची जमीन निचऱ्यासाठी उतरती असते, तरीही ती सपाट असावी लागते. टाइल जितकी मोठी, तितकी सपाटीची गरज अधिक. कारण खोलगट जागी मोठी टाइल अधांतरी राहते.

मापन
गवंड्याची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी यासाठी पुरेशी आहे. नळीच्या दोन्ही टोकांतील स्थिर पाणी एकाच पातळीवर राहते, हे त्यामागील तत्त्व होय. नळीत हवेचा बुडबुडा राहिल्यास मात्र खूण चुकते. भिंतींवर सभोवार समपातळीची रेषा आखावी, समोरासमोरील रेषांमध्ये दोरी ताणावी आणि तेथून तळापर्यंतची अंतरे मोजावीत. समजा, ती १०००, १००४ व ९८५ मिमी आली, तर ९८५ मिमीचा बिंदू सर्वांत उंच ठरतो.

दुरुस्ती
त्या एका उंचवट्यासाठी संपूर्ण खोली भरून घेणे सोपे वाटते. परंतु १० मिमी जाडीच्या सिमेंट-वाळूच्या मालाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २० किलो होते. ८ × ६ मीटरच्या खोलीत हा भार जवळजवळ एक टन भरतो. जुन्या स्लॅबला तो कायमचा वाहावा लागतो. शिवाय दरवाजे जमिनीला घासू लागतात. म्हणून प्रथम कोब्याचा उंचवटा घासून काढावा. स्लॅबच्या काँक्रीटला मात्र अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय हात लावू नये. पोकळ भाग उकरून, धूळ काढून मगच खोलगट जागा भरावी. टाइलखालील अ‍ॅडहेसिव्हचा थर वाढवून खड्डे बुजवू नयेत. असा जाड थर सुकताना आकसतो व टाइल सुटते.

निष्कर्ष
निविदा काढण्यापूर्वी अंतरांचा तक्ता तयार करावा आणि तळाची दुरुस्ती ही स्वतंत्र बाब म्हणून नोंदवावी. फरशी तळाचे दोष झाकते, दूर करीत नाही.