खेळाडूच्या अंगालगतचा कपडा

खेळाडूचा पोशाख म्हटला की आपले लक्ष जाते ते वरच्या सदऱ्याच्या रंगाकडे आणि पाठीवरच्या आकड्याकडे. आज मला बोलायचे आहे ते अंगाला लागून असणाऱ्या कपड्याविषयी. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात कबड्डी आणि खो-खो खेळणारी मुले पुष्कळ. घामाने भिजलेला घट्ट कपडा तासन् तास अंगावर राहिला की जांघेत नायटा उठतो, आणि लाजेपायी मुले ते घरी सांगत नाहीत.

मुळात घाम येतो कशासाठी? माठाचे उदाहरण घ्या. माठातून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि आतले पाणी गार होते. आपली कातडी तेच करते. एक लिटर घाम पुरता उडून जाताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तो नुसता ठिबकला तर हा लाभ नाही. आपल्या खाडीकाठची हवा दमट, त्यामुळे घाम आधीच सावकाश वाळतो. त्यात कपड्याची भर नको.

आता तुम्ही म्हणाल, मग सुती बनियन चांगले की पॉलिएस्टरचे? सुताचा धागा पाणी पितो आणि धरून ठेवतो. हलक्या कामाला तो उत्तम. पण तासभर खेळल्यावर तेच बनियन जड होऊन अंगाला चिकटते. 1941 साली इंग्लंडात शोधला गेलेला पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. त्याचे पातळ, जाळीदार विणकाम असले तर घाम बाहेरच्या अंगाला पसरतो आणि लवकर वाळतो. मात्र तोच धागा दाट विणला तर अंग घुसमटते. शिवाय त्याला घामाचा वासही अधिक धरतो. म्हणून नावावर जाऊ नका, वीण पाहा. कापड उजेडासमोर धरा, त्यातून फुंकर घाला. छातीभर रबरी छपाई असेल, तर तेवढ्या जागेतून वारा जाणार नाही.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. दोन्ही कापडांचे सारखे तुकडे भिजवून, पिळून दोरीवर टाकावेत. आधी कोणता वाळतो ते मुलांनीच वहीत टिपावे.

हाच नियम थंडीतही लागू पडतो, बरं का. 2024 साली लेह येथे झालेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत आइस हॉकीचे सामने झाले. या खेळात जाड संरक्षक गाद्यांखाली घाम भरपूर येतो. आतला कपडा ओला राहिला, तर विसावा घेताना अंगातली ऊब झपाट्याने जाते. म्हणून तिथेही अंगालगत पातळ आणि लवकर वाळणारा थर घालतात, सुती नव्हे.

कपड्याचे दुसरे काम रक्षणाचे. कबड्डी आता मॅटवरही खेळतात. मॅटवर घसरले की गुडघे, कोपरे सोलवटतात. चड्डीखाली मांडीबरोबर बसणारी आखूड तुमान आणि गुडघ्याला पट्टा असावा. शिवण सपाट हवी, इलॅस्टिकचा वळ उठता कामा नये. मे महिन्याच्या उन्हात मात्र सगळे अंग घट्ट झाकू नये. उष्माघाताची भीती असते.

यासाठी महागडा पोशाख लागतो असे नाही. साधी दोन बनियने आणि दोन चड्ड्या पुरतात. खेळ संपताच ओले उतरवावे, अंग कोरडे पुसावे, कपडे धुऊन उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात अर्धवट वाळलेला कपडा चढवू नये. एकमेकांचे कपडे आणि पंचे वापरू नयेत; नायटा त्यातूनही पसरतो. तो झालाच, तर दुकानातून मिळेल ते मलम चोळू नका. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज तात्पुरती थांबते, पण रोग चिवट होतो. सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

क्रीडाशिक्षकांनी सामन्यानंतर गुण मोजावेतच, त्याबरोबर "कपडे बदललेत का रे?" एवढे विचारावे. मुलींनाही तितक्याच मोकळेपणाने विचारणारी एखादी बाई असावी, आणि कपडे बदलायला शाळेत आडोसा असावा.