पायाभूत चाचणीत गुण कमी पडले, म्हणजे नेमकं काय झालं?

सातारा-सांगलीकडे परीक्षा म्हटलं की निवड डोळ्यांसमोर येते. शिष्यवृत्ती, नवोदय, सैनिक स्कूल. साताऱ्याचं सैनिक स्कूल 1961 सालचं, देशातलं पहिलं. नवोदय विद्यालय साताऱ्यात खावलीला, सांगलीत पलूसला. मुलाला लहान वयातच या परीक्षांच्या तयारीला बसवायचं, जादा तास घ्यायचे, निकाल लागला की शाळेच्या फलकावर नावं लिहायची, ही इथली जुनी रीत आहे आणि तिचा अभिमानही रास्त आहे. पण पायाभूत चाचणीकडेही लोक त्याच नजरेनं पाहतात. ‘आमच्याला किती पडले आणि शेजारच्याला किती?’ इथूनच गैरसमजांची रांग सुरू होते.

या चाचण्या आजच्या नाहीत. 22 जून 2015 च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि त्याच्याबरोबर वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी व पुढे संकलित चाचण्या आल्या. जागतिक बँकेच्या साहाय्यानं सहा राज्यांत राबवलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पाखाली 2023-24 पासून त्यांना नियतकालिक मूल्यांकन चाचणी, शिक्षकांच्या तोंडी ‘पॅट’, हे रूप मिळालं. विषय तीन: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी.

‘अजून काही शिकवलंच नाही, तर परीक्षा कसली?’

2024 साली पायाभूत चाचणी 10 ते 12 जुलैला झाली, तेव्हा हा प्रश्न बऱ्याच घरांत विचारला गेला असेल. चाचणी असते मागच्या इयत्तेवर. पाचवीतल्या मुलाला चौथीचं किती येतं, हे पाचवीचं पुस्तक उघडण्याआधी बाईंना कळावं, एवढाच तिचा हेतू. यात पास-नापास नाही. तरीही पॅटच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरं यूट्यूबवर आल्याच्या बातम्या मध्यंतरी झळकल्या. ज्या चाचणीवर मुलाचं काहीच अवलंबून नाही, तिचाही पेपर फुटावा, यावरून परीक्षेची धास्ती आपल्या अंगात किती मुरली आहे ते समजावं.

‘गुण कमी म्हणजे मूल कच्चं, शाळा वाईट’

तिसरी-चौथीच्या पातळीवरचं एक गणित घ्या: 402 वजा 157. बरोबर उत्तर 245. एक मुलगी 355 लिहिते. दुसरा मुलगा 255 लिहितो. तिसरी मुलगी जागा कोरी सोडते. गुणपत्रकात तिघांपुढे शून्य. पण तिघांची अडचण एकच आहे का?

355 लिहिणारीनं प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. सातातून दोन गेले पाच, पाचातून शून्य गेलं पाच, चारातून एक गेला तीन. उसनं घ्यायचं असतं, हेच तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. तिला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील, दहाची नोट मोडून सुटे घ्यावे लागतील. 255 लिहिणाऱ्याला उसनं घेणं येतं. तो फसला मधल्या शून्यावर. शतकातून उसना घेतलेला दशक त्यानं पुढे एककाला दिला, पण स्वतःकडचे दहाचे नऊ करायला विसरला. त्याला गठ्ठ्यांपासून सुरुवात करायला लावली तर तो कंटाळेल. त्याला शून्य असलेल्या संख्यांची पाच-सहा उदाहरणं पुरतील. कोरी जागा सोडणारीशी मात्र आधी बोलावं लागेल. तिला वजाबाकी येतही असेल.

कारण हेच गणित शाब्दिक उदाहरणाच्या रूपात आलं, तर ते वाचनाचीही परीक्षा होतं. जत तालुक्यात सीमेलगत कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. तिथलं मूल आपल्या भाषेत पेपर सोडवतं. पण घरी कन्नड बोलून मराठी शाळेत येणारं मूल ‘उरलेल्या मोळ्या किती?’ या वाक्यावर अडलं, तर त्याचं गणित कच्चं म्हणता येत नाही. त्यालाच तोंडी विचारून पाहावं.

म्हणून शिक्षक ज्याला प्रश्ननिहाय विश्लेषण म्हणतात, तेच या चाचणीतलं खरं पीक. एकूण गुण हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा आकडा आहे. दुर्दैव असं की गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरण्याची मुदत असते, आठवणीचे निरोप येतात आणि नोंद झाली की काम झालं असं वाटू लागतं. 355 लिहिणारी मुलगी आहे तिथेच राहते.

‘आधी 55 टक्के, आता 60, म्हणजे प्रगती झाली’

असेलही, नसेलही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात तेव्हा 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, या खुणा हलत नाहीत. म्हणून कालच्या आणि आजच्या आकड्याची तुलना होते. शाळेतल्या दोन चाचण्यांचं तसं नसतं. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेवर, संकलित चाचणी चालू अभ्यासक्रमावर. प्रश्नांचा कस वेगळा. तेव्हा दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून वजाबाकी करणं घाईचं ठरतं. अध्ययन निष्पत्ती तीच धरून पाहिलं, म्हणजे उसन्याची वजाबाकी जुलैत किती जणांना येत होती आणि आता किती जणांना येते, तर ती तुलना टिकते.

लहान शाळांत तर सरासरी चक्क फसवते. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर पटसंख्या बोटांवर मोजण्याइतकी. समजा वर्गात आठ मुलं आहेत. सात जणांना साठ-साठ टक्के, एकाला वीस. सरासरी 55. पुढच्या चाचणीच्या वेळी तो वीसवाला गैरहजर राहिला. बाकीचे जिथल्या तिथे, तरी सरासरी थेट 60. कागदावर पाच टक्क्यांची प्रगती आणि वर्गात काहीच बदल नाही.

हे नुसतं कागदी उदाहरण नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला घर सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. मराठवाड्यातली मुलं आपल्या कारखान्यांच्या तळांवर येतात, तर आपल्याकडच्या दुष्काळी पट्ट्यातली काही मुलं बाहेर जातात. या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, ते इतक्यासाठीच की कोणाला काय येतं याची नोंद मुलाबरोबर जावी. ज्यांना चाचणीची सर्वांत जास्त गरज, तीच मुलं तिच्यातून गळतात. म्हणून शाळेची टक्केवारी ऐकली की आधी विचारावं: पटावर किती आणि पेपरला किती?

‘असर, परख, पॅट सगळं एकच’

नाही. ‘असर’ हे ‘प्रथम’ संस्थेचं 2005 पासूनचं सर्वेक्षण. ते ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांना वाचायला आणि साधं गणित करायला देतं. ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण 4 डिसेंबर 2024 ला झालं, तिसरी, सहावी आणि नववीसाठी, निवडक शाळांत. दोन्ही नमुना पाहण्या आहेत. त्या जिल्ह्याबद्दल किंवा राज्याबद्दल बोलतात, तुमच्या मुलीबद्दल नव्हे. एकेका मुलाचा हिशेब पॅटमध्ये मिळतो. उलट पॅटचे पेपर वर्गावरचे शिक्षकच घेतात आणि तपासतात, त्यामुळे दोन जिल्ह्यांची स्पर्धा लावायला ती कुचकामी आहे. साताऱ्यानं सांगलीला मागं टाकलं, अशा बातमीत गंमत असेल, अर्थ नाही.

‘आठवीपर्यंत ढकलपासच, मग हे कशाला?’

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. त्यानं प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत मुलाला मागे ठेवायला मनाई केली. मूल्यमापन बंद करा असं कुठेच म्हटलं नाही. उलट सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन त्याच कायद्यात आहे. 2019 च्या दुरुस्तीनं राज्यांना मोकळीक दिली आणि महाराष्ट्रानं 2023 मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्णांना फेरपरीक्षा आणि तीही हुकली तर त्याच वर्गात, असा नियम केला. म्हणजे ‘आठवीपर्यंत सगळे पास’ हे आता खरं नाही. एप्रिलमध्ये धक्का बसायचा नसेल, तर जुलैची चाचणीच उपयोगी पडणार आहे.

‘चाचण्या वाढवल्या की दर्जा वाढतो’

हा गैरसमज पालकांपेक्षा कार्यालयांत जास्त आढळतो. अमेरिकी समाजमानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकातच बजावलं होतं की एखाद्या आकड्यावर निर्णय आणि मानसन्मान जितके जास्त टांगाल, तितका तो आकडा खोटा होत जातो. जुलैत आकडा मुद्दाम कमी दाखवला की एप्रिलमध्ये प्रगती आपोआप दिसते. जुलैतच फुगवला की उपचारात्मक अध्यापनाची गरज कोणालाच दिसत नाही. दोन्हींत नुकसान मुलाचं.

चाचणीनंतर काय होतं, यावर सगळं ठरतं. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’नं बालसखी नेमल्या. मागे पडलेली मुलं वेगळी काढून त्यांच्या पातळीपासून शिकवलं आणि अभिजित बॅनर्जी, एस्तेर ड्युफ्लो यांच्या अभ्यासात या मुलांना त्याचा चांगला फायदा झाल्याचं दिसलं. बालसखी मुलांना रोज शिकवत होत्या. नुसती मोजणी करून त्या निघून गेल्या नाहीत.

आणि दाखला द्यायला मुंबईपर्यंत जायलाही नको. सातारा तालुक्यातलं कुमठे बीट घ्या. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं तिथल्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादी पद्धत रुजली आणि ती पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. फरशीवर आखलेले तक्ते, हाताळायचं साहित्य, गटात बसून एकमेकांकडून शिकणारी मुलं. अशा वर्गात कोणाला काय येतं हे बाईंना रोजच्या रोज दिसतं. चाचणीनं ते फक्त ताडून पाहायचं. माझं मत विचाराल तर वर्षाला तीन चाचण्या पुष्कळ झाल्या. चौथी घेण्याऐवजी पहिलीनंतरचे दोन आठवडे शिक्षकांना मोकळे द्यावेत. त्या काळात माहिती भरणं नको, सभा नको.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा ‘किती पडले?’ हा प्रश्न घरी ठेवून जा. मुलाचा तपासलेला पेपर पाहायला मागा, तो कोणत्या प्रश्नाला अडला ते विचारा आणि त्यासाठी आता वर्गात काय होणार आहे हेही विचारा. महिन्याभरानं जाऊन तेच पुन्हा विचारा.