चूक आणि पेच

वार्षिक अंकासाठी साहित्य मागविल्याची सूचना फलकावर लागली, तेव्हा माझ्या वर्गमित्रांनी कविता आणि प्रवासवर्णने लिहायला घेतली. मला मात्र खिळ्यांविषयी लिहावेसे वाटले. कला शाखेच्या विद्यार्थ्याने असा विषय घ्यावा, याचे काही जणांना नवल वाटेल. पण माझे वडील ट्रकच्या बॉडी बांधण्याचे सुतारकाम करतात आणि सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असतो. सुतारांच्या भाषेत बारीक खिळ्याला 'चूक' म्हणतात आणि स्क्रूला 'पेच'. या दोन्ही शब्दांचे दुसरे अर्थ मला एकाच कामात कळले. ती हकीगत आधी सांगतो.

मागच्या मे महिन्यात एका जुन्या ट्रकच्या केबिनला आतून नवे प्लायवूड लावायचे होते. वडील जेवायला गेले असताना मी उत्साहाने एक बाजू पुरी करून टाकली. चौकटीला गोंद फासला, प्लाय दाबून बसवला आणि बोटाबोटाच्या अंतरावर चुका ठोकल्या. काम असे घट्ट बसले की मला स्वतःचा अभिमान वाटला. वडिलांनी परत येऊन प्लायवर बोटाची टिचकी मारली आणि एवढेच विचारले, "आता हे काढायचं कसं?" काढायचे कशाला, ते मला तेव्हा समजले नाही. जुलैत समजले. टपाच्या सांध्यातून पाणी झिरपले आणि प्लायच्या मागे उतरून चौकट कुजवू लागले. गळती शोधायला प्लाय काढावा लागला. तो सुटेना, म्हणून पटाशीने तुकडे करून काढला. नव्या प्लायचे पैसे वडिलांनी आपल्या मजुरीतून भरले. मला ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले.

त्यानंतर लाकूड लाकडाला कसे जोडावे, याविषयी जे मिळेल ते मी वाचू लागलो. वाचता वाचता अमेरिकेतील जुन्या ट्रेलरांच्या दुरुस्तीची माहिती हाती आली. आपल्याकडे ट्रेलर म्हटले की ट्रॅक्टरची ट्रॉली डोळ्यांपुढे येते. तिकडे मोटारीच्या मागे जोडून न्यायच्या, झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या चाकांवरच्या घरालाही ट्रेलर म्हणतात. १९३० नंतरच्या दशकात त्यांचा प्रसार झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो फार वाढला. 'एअरस्ट्रीम'सारखे काही ट्रेलर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना रिव्हेट मारून बनवीत. पण 'शास्टा'सारख्या अनेक ट्रेलरांचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असे. बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून बर्च लाकडाचा जेमतेम ३ मि.मी. जाडीचा प्लाय. आज तिकडचे हौशी लोक पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे असे ट्रेलर विकत घेऊन पुन्हा उभे करतात, आणि प्लाय कशाने बसवावा हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घराची भिंत एका जागी उभी असते. ट्रेलरची भिंत रस्त्यावर हादरते, वळणावर पिळली जाते, उन्हात तापते आणि पावसात ओलावते. शिवाय आतला प्लाय केवळ शोभेचा नसतो. बारीक पट्ट्यांची चौकट तिरकी होऊ नये म्हणून तोच तिला ताणून धरतो. म्हणून प्लायला कडेने दाट आणि मध्ये विरळ बंधन द्यावे लागते.

हे ट्रेलर आतून बाहेर बांधलेले असत. आधी चौकट आणि आतला प्लाय, मग कपाटे, आणि सर्वांत शेवटी बाहेरचा पत्रा. पुष्कळ ठिकाणी कपाटांचे स्क्रू बाहेरच्या बाजूने चौकटीतून आत मारलेले असतात आणि त्यांवर पत्रा येतो. म्हणजे आतले कपाट नीट सोडवायचे तर आधी बाहेरचा पत्रा उतरवावा लागतो. कारखान्यात काम झपाट्याने होई, पण पुढे उघडणाऱ्याची मात्र पंचाईत होई. हे वाचले तेव्हा माझी चूक मला हजारो मैलांवरून ओळख देऊ लागली.

आता एकेका साधनाकडे वळू. गुळगुळीत खिळा केवळ घर्षणाने धरून राहतो. तो आत शिरताना लाकडाचे तंतू बाजूला सारतो आणि ते तंतू त्याला दाबून धरतात. लाकूड ओले होऊन फुगले, वाळून आटले आणि वरून सतत हादरे बसले, की ही पकड सैल होते आणि खिळा हळूहळू वर येतो. अंगावर कंगोरे असलेला खिळा अधिक टिकतो, पण तो काढताना प्लाय फाडतो.

स्टेपल पिनेला दोन पाय असतात आणि वरची आडवी दांडी प्लायचा थोडा अधिक भाग दाबते, म्हणून पातळ प्लायला ती बरी पडते. मात्र दांडी वरच्या थराच्या रेषांना आडवी यावी. रेषांच्या दिशेने आली तर ती दोन तंतूंमध्ये रुतून बसते. पिना सहज काढता येत नाहीत, म्हणून जी जागा पुन्हा उघडायची नाही आणि जिच्यावर पट्टी येणार आहे, तिथेच त्या माराव्यात.

स्क्रूचे आटे लाकडात रुततात, म्हणून हादऱ्यांत तो टिकतो आणि हवा तेव्हा काढताही येतो. पण त्याचे भोक विचाराने पाडावे लागते. प्लायमधले भोक स्क्रूच्या दांड्याहून किंचित मोठे हवे आणि चौकटीतले भोक आटे वगळून उरणाऱ्या गाभ्याएवढे. प्लायमध्येही आटे अडकले, तर स्क्रू कितीही पिळला तरी प्लाय आणि चौकट यांच्यात फट राहते. लांबी निवडताना पलीकडचा पत्रा विसरून चालत नाही. चौकटीची पट्टी १९ मि.मी. आणि प्लाय ३ मि.मी. म्हणजे एकूण २२ मि.मी. तेथे पाऊण इंची, म्हणजे सुमारे १९ मि.मी. लांबीचा स्क्रू योग्य. एक इंची स्क्रू पट्टी भेदून थेट पत्र्याला भिडेल.

स्क्रूचे डोके हा भाग नवशिक्याच्या लक्षात येत नाही. सपाट डोक्याच्या ६ नंबरच्या स्क्रूचे डोके सुमारे २ मि.मी. खोल असते. ३ मि.मी. प्लायमध्ये त्याच्यासाठी खाच पाडली, तर खाली १ मि.मी. लाकूड उरते. मग आटे पक्के राहतात आणि प्लायच डोक्यावरून सुटून येतो. म्हणून डोक्याखाली वाटीसारखा वॉशर घालतात. तो दाब पसरवतो आणि खाच पाडण्याची गरज ठेवत नाही. हे वॉशर भिंतीवर दिसतात, ही काही उणीव नव्हे. इथून उघडा, असे ते पुढच्या माणसाला सांगत असतात.

शेवटी धातू. साधे लोखंड ओलाव्यात गंजते, आणि ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात त्याच्याभोवती काळा डाग पडतो. आतल्या कोरड्या जागी जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू पुरतो. खिडकीखाली आणि टपाच्या सांध्याजवळ, जिथे गळती ठरलेली, तिथे स्टेनलेस स्टील बरे. पितळ दिसायला सुंदर, पण मऊ. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू पिळून वाट करतात, तो काढतात आणि मग आट्यांना मेण किंवा साबण लावून पितळी स्क्रू बसवतात. पितळ ॲल्युमिनियमला मात्र टेकू देऊ नये. दोन्ही धातू एकत्र भिजले की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

या साऱ्याचा सारांश माझ्या मते एवढाच. जे कायमचे झाकायचे तिथे पिन किंवा खिळा चालेल. ज्याच्या मागे पाणी, वायर किंवा सांधा आहे, तिथे स्क्रूच हवा. आणि गोंद लावण्यापूर्वी हे पुन्हा कोण उघडणार आहे, असे स्वतःला विचारावे. माणसाने बांधलेली प्रत्येक वस्तू कधी ना कधी गळते. जोड घट्ट किती आहे एवढेच पाहून चालत नाही. गळेल त्या दिवशी तो हाताला सुटतो का, हेही पाहावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच ट्रकच्या केबिनची दुसरी बाजू वडिलांनी मला करायला दिली. मी एकेक भोक गिरमिटाने पाडले आणि स्क्रू वॉशर घालून बसवले. काम पुरे व्हायला आधीच्या दुप्पट वेळ लागला. वडिलांनी पेचकस घेऊन एक स्क्रू सोडवला, पुन्हा पिळला आणि पेचकस माझ्या हाती दिला. बोलले मात्र या वेळीही काही नाहीत.