मुंजाचं वय

मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत जो पोरगा गेला तो मुंजा, आणि त्याचा मुक्काम पिंपळावर. हे ज्ञान आम्हाला आजीकडून फुकट मिळालं. जून २०२४मध्ये हाच मुंजा हिंदी सिनेमात जाऊन बसला. ‘मुंज्या’ पाहून आलेली माझी चौदा वर्षांची भाची हसत म्हणाली, “मामा, असलं काहीतरी मराठीत वाचायला दे ना.” दहा मिनिटं मी कपाटापुढे उभा राहिलो आणि हात हलवत परतलो. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी, भूत कोकणातलं, हशा मात्र हिंदीत!

तसं थट्टेखोर भूत आपल्याला नवं नाही. ‘चांदोबा’तला वेताळ विक्रमाची फिरकी घ्यायचा, पण गोष्ट संपली की प्रश्न विचारायचा, म्हणून मला तो मास्तरच वाटे. माझा खरा काळ १९८५ ते ९५, नाशकातला. आठवीत स्नेहसंमेलनाला रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ बसवलं. दिलीप प्रभावळकर चेटकीण झाले होते ना, मग तू का नाही, म्हणत बाईंनी मला आजीचं लुगडं नेसवलं. माझा आवाज तेव्हा फुटत होता. चेटकिणीचं हसू मधेच घोगरं व्हायचं आणि सभागृह लोळायचं. भुताला आणि त्या वयाच्या पोराला स्वतःच्या अंगाचा भरवसा नसतो, हे मला लुगड्यातच कळलं.

त्याच वर्षी भाड्याच्या वाचनालयातून आणलेली नारायण धारपांची भयकादंबरी सरांनी वर्गात जप्त केली. “हे तुझ्या वयाचं नाही.” मी साठाव्या पानावर होतो. पुस्तक परत आलं तेव्हा कोपरा दुमडलेला होता शेवटून चौथ्या पानाचा. उशिराचा दंड मी भरला, सर. पुढे १९९३ला ‘झपाटलेला’ सिनेमा आला आणि रामदास पाध्यांच्या तात्या विंचू या बाहुल्याने एकाच वेळी घाबरवलं नि हसवलं. पण तो पडद्यावर. उशाखाली ठेवता येत नव्हता.

पुढची वर्षं नोकरीची, हप्त्यांची, सोडून देऊ. हॅरी पॉटर मराठीत आला, तोही भोपाळच्या प्रकाशकाकडून. २०२१ला नाशकात साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष विज्ञानकथाकार जयंत नारळीकर. आता तरी, म्हणून ग्रंथप्रदर्शनात विचारलं, “तेराचौदा वर्षांच्या मुलांसाठी भुताची विनोदी कादंबरी?” विक्रेत्याने एका हाताने चित्रांची परीकथा पुढे केली, दुसऱ्या हाताने धारप. मधलं वय तसंच, सोडमुंज न झालेलं.

शेवटी भाचीने भुताची इंग्रजी कादंबरी आणली. दार लावून खिदळत होती. रात्री जेवताना त्यातला एक विनोद तिने मला मराठीत करून सांगितला. मूळ कसा होता देव जाणे. पण भूत मराठी झकास बोललं.