उष्णतेची लाट व गृहशीतन : जुन्नर व आंबेगाव तालुके

उष्णतेची लाट म्हणजे कमाल तापमान त्या काळातील सरासरीहून बरेच वाढून काही दिवस तसेच टिकून राहण्याची स्थिती. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४०° से. असून ते सरासरीहून ४.५° ते ६.४° से.ने अधिक असल्यास लाट, व वाढ त्याहून जास्त असल्यास तीव्र लाट समजतात. तापमान ४५° से.ला पोहोचल्यास सरासरी न पाहताही ती लाटच होय.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेकडील अवर्षणप्रवण पठारापर्यंत पसरलेले आहेत. विदर्भाच्या तुलनेने येथील उन्हाळा सौम्य मानला जातो. बहुधा त्यामुळेच पूर्वतयारीकडे दुर्लक्ष होते. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते व रात्री तापमान पुष्कळ उतरते. येथील पारंपरिक निवारा या उताराचाच लाभ घेतो. दगडमातीच्या सुमारे ४० सेंमी. जाडीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचण्यास दहा-बारा तास लागतात. तोवर बाहेर गारवा आलेला असतो व दारे-खिडक्या उघडून घर थंड करता येते. जुन्नरभोवतीच्या प्राचीन लेण्यांत हेच तत्त्व पराकोटीस गेलेले दिसते : खडकात खोलवर दिवसरात्रीचा फरक जवळजवळ पोहोचतच नाही. पत्र्याच्या छपराची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. पत्रा तासाभरात तापतो व खालच्या माणसांवर उष्णतेचे प्रारण करतो. स्वस्त व टिकाऊ म्हणून तो सर्वत्र पसरला आहे; त्याला नावे ठेवण्यापेक्षा त्यावर पांढरा चुना देणे वा पाचट पसरणे (आगीची काळजी घेऊन) अधिक उपयुक्त.

शरीर मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने थंड राहते. एक लिटर घाम पूर्णपणे सुकल्यास सुमारे २,४०० किलोजूल उष्णता निघून जाते. कोरड्या हवेत वाळ्याचे ताटे व पाण्याचे कूलर म्हणूनच परिणामकारक ठरतात. दमट हवेत हा मार्ग खुंटतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर (नवी मुंबई) येथे उघड्यावरील समारंभास आलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले. हवा त्वचेहून बरीच तापली असता कोरड्या अंगावर पंखा घेतल्याने उलट उष्णताच मिळते. अंग ओले करून मगच तो घ्यावा. द्राक्षे, टोमॅटो वा कांद्याच्या शेतात राबणाऱ्या मजुरांची कामे पहाटे उरकणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. मात्र दिवसाची मजुरी तीच राहिली पाहिजे, अन्यथा तो कोणी पाळणार नाही. बरळणे, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत. रुग्णाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये.

वातानुकूलन यंत्र उष्णता नष्ट करीत नाही, ती घरातून गल्लीत नेऊन टाकते. तेच यंत्र उलट चालविल्यास बाहेरच्या थंड हवेतील उष्णता आत आणते. त्यास उष्णता पंप म्हणतात. लॉर्ड केल्व्हिन यांनी ही कल्पना १८५२ मध्ये मांडली. एक एकक विजेच्या मोबदल्यात असा पंप साधारणतः तीन एकके उष्णता देतो; दोन्हीकडील तापमानांतील अंतर वाढते तसा हा लाभ घटतो. नॉर्वेसारख्या थंड देशात तो घरोघरी रुळला आहे. जुन्नर-आंबेगावात थंडी अल्पकाळ असल्याने केवळ ऊब मिळविण्यासाठी पंप बसविणे क्वचितच परवडेल. दूध संकलन केंद्रात मात्र त्यास स्थान आहे : धारोष्ण दूध ४° से.पर्यंत थंड करताना निघणारी उष्णता एरवी हवेत जाते, ती टाकीत घेतल्यास भांडी धुण्याचे पाणी विशेष इंधनाविना तापते.