प्लंबरचा परवाना आणि कामाचा हिशेब

काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाईपलाईनने नोव्हेंबर २०२३ मध्ये कोल्हापुरात पोहोचले. सुमारे ५३ किलोमीटरची ही वाहिनी अनेक वर्षे शहराच्या चर्चेचा विषय होती. पण मोठ्या वाहिनीतले पाणी घरातल्या नळाला येते ते शेवटच्या अर्ध्या इंची जोडणीतून, आणि ती जोडणी करणारा असतो प्लंबर.

या धंद्यात आपल्या समाजातील बरेच तरुण आहेत. हात चांगला, कष्टाची तयारी आहे, पण पुष्कळांकडे स्वतःच्या नावाचा परवाना नसतो. काम हा करतो आणि अर्जावर सही दुसऱ्याची असते. सहीचे पैसे मजुरीतून जातात, गिऱ्हाईक परवानाधारकाच्या नावावर जमा होते, आणि दहा वर्षे काम करूनही मिस्त्री हाताखालचाच राहतो. हे टाळायचे तर परवाना आणि हिशेब या दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

परवाना कशासाठी?

घरातली गळती काढायला किंवा नळ बदलायला कोणी परवाना विचारत नाही. पण महापालिकेच्या वाहिनीला हात लावायचा म्हटले की प्रश्न येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात परवानाधारक प्लंबरची तरतूद आहे. नवीन जोडणी, जोडणीचा आकार वाढवणे, तोडलेली जोडणी पुन्हा सुरू करणे ही कामे रीतसर मंजुरीनेच होतात. परस्पर जोडणी घेतली तर ती बेकायदा ठरते आणि मालकाबरोबर काम करणाराही अडचणीत येतो.

परवान्यासाठी ओळखपत्र, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि कामाच्या ज्ञानाचा पुरावा ही तयारी आधीच करून ठेवावी. आयटीआयचा प्लंबर हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. ज्यांचे शिकण्याचे वय गेले, पण हाती अनुभव आहे, त्यांच्यासाठी कौशल्य विकास योजनांत पूर्वानुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. शुल्क व अनामतीचे चालू दर महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात स्वतः विचारून लिहून घ्यावेत. मध्यस्थाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये.

प्लंबर परवाना आणि त्याचे नूतनीकरण या दोन्ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित झालेल्या आहेत, हे फार थोड्या मिस्त्रींना माहीत असते. याचा अर्थ अर्ज दिल्यावर ठरावीक मुदतीत निर्णय मिळणे हा तुमचा हक्क आहे. अर्जाची पोच अवश्य घ्यावी. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते. त्यानंतर दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कारण नसताना दिरंगाई झाल्यास अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. भांडण न करता पोच पुढे ठेवली तरी बरेच काम होते.

जोडणीचा क्रम

अर्ज मालकाच्या नावाने द्यावा. घरफाळा आणि पाणीपट्टीची थकबाकी आधी पाहावी, कारण प्रकरण बहुधा तिथेच अडते. जागेची पाहणी, शुल्काचा भरणा, रस्ता खोदावा लागत असेल तर खुदाईची वेगळी परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याची रक्कम, त्यानंतर फेरूल बसवून जोडणी आणि मीटर, असा साधारण क्रम असतो. खुदाईचा कागद हातात येईपर्यंत टिकाव लावू नये.

दर कसा सांगावा?

आपले मिस्त्री सर्वांत जास्त मार खातात ते दर सांगताना. गिऱ्हाईक विचारते, “सगळं मिळून किती?” आणि मिस्त्री तोंडी आकडा सांगून मोकळा होतो. मग महापालिकेचे शुल्क, खुदाईची रक्कम, दोन-चार जादा फिटिंग सगळे त्याच आकड्यातून जाते.

अंदाजपत्रक तीन भागांत लिहून द्यावे: सरकारी भरणा, माल आणि मजुरी. सरकारी भरणा मालकाने स्वतः करावा व पावती त्याच्याकडे राहावी. मजुरीचा हिशेब असा मांडता येतो (आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, आपापले घालावेत):

मिस्त्री ५ दिवस, रोज ९०० प्रमाणे: ४,५०० रुपये
हेल्पर ५ दिवस, रोज ६०० प्रमाणे: ३,००० रुपये
जाणे-येणे: ४०० रुपये
हत्यारांची झीज व किरकोळ: ६०० रुपये
एकूण: ८,५०० रुपये
नफा व दुरुस्तीची हमी, १५ टक्के: १,२७५ रुपये
सांगायचा दर: ९,७७५ रुपये

शेवटचे १५ टक्के बरेचजण धरतच नाहीत. महिन्याने गळती निघाली की फुकटची फेरी होते आणि तेवढ्यापुरता धंदा तोट्यात जातो.

माल कोणाच्या बिलावर?

सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. मालासह ठेका घेतला तर पाईप, नळ, टाकी यांची किंमतही तुमच्या उलाढालीत धरली जाते. वर्षात आठ लाखांची मजुरी करणारा मिस्त्री तेरा लाखांचा माल आपल्या बिलावर आणून एकवीस लाखांवर जातो आणि नोंदणीत येतो. मालकाने लक्ष्मीपुरीतून किंवा कुठूनही माल स्वतःच्या नावाच्या बिलावर घेतला, तर तुमची उलाढाल फक्त मजुरीची राहते. माल निवडून द्यावा, आयएसआय खूण पाहावी, आणि दुकानदाराकडून कमिशन घेत असाल तर ते गिऱ्हाइकापासून लपवू नये.

मोठ्या बांधकाम व्यावसायिकाचे काम घेतले तर बिलातून साधारण एक टक्का टीडीएस कापला जातो. पॅन दिला नाही तर कपात वीस टक्क्यांवर जाते. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते.

ज्या कामाला नकार द्यावा

गिऱ्हाईक मोटर थेट वाहिनीला जोडायला सांगते. त्यामुळे शेजाऱ्याच्या हक्काचे पाणी ओढले जाते. जमिनीखालच्या टाकीत पाणी घेऊन तिथून वर चढवावे. गटारीच्या खालून किंवा गटारीतून पाण्याची नळी नेण्यासही नकार द्यावा. पुरवठा बंद झाला की नळी रिकामी होते, आतला दाब घटतो आणि लहानशा छिद्रातूनही बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. आपला एक खराब सांधा किती महाग पडू शकतो हे त्यावरून कळावे.

तिसरी गोष्ट, सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात माणूस उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने ते बंद केले आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भरपाई तीस लाखांवर नेली. पण हेल्परच्या घरी गेलेला मुलगा कोणत्याही रकमेने परत येत नाही.

योजनांविषयी

पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत गवंडी आणि सुतार आहेत, प्लंबर नाही. प्लंबर म्हणून त्यात बसवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात मात्र १८ ते ६० वयाच्या प्लंबरची नोंदणी होते. मागील वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन व विनामूल्य आहे.

लिहून ठेवा

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपण ती पढतो, पण दोन रुपयांची वही ठेवत नाही. काय ठरले, किती आगाऊ मिळाले, किती बाकी, हे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या तर बाकी मागताना लाज वाटत नाही आणि नातेही तुटत नाही.

सदर बाजार असो की जवाहरनगर, ज्या मोहल्ल्यात दहा मिस्त्री आहेत तिथे त्यांनी एका रविवारी एकत्र बसावे, कोणाकडे कोणता कागद कमी आहे ते पाहावे आणि अर्ज सोबतच द्यावेत. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी सही भाड्याने देण्यापेक्षा एका तरुणाला परवान्यापर्यंत पोहोचवावे. रोजीत बरकत त्यानेच येईल, इन्शाअल्लाह.