उताराची बाग, टायर आणि गवत कापणारे यंत्र

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दसरा-दिवाळीच्या सुमारास कोकणातल्या बागायतदाराला एकच घाई असते, ती गवत कापण्याची. पावसात कमरेएवढे वाढलेले गवत पुढे वाळते आणि मग विडीच्या एका थोटकानेही वणवा लागून वीस-वीस वर्षांची कलमे होरपळतात. मजूर मिळत नाहीत, म्हणून छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे जोडायचा स्लॅशर घेण्याकडे आता अनेकांचा कल आहे. मीही घेतला. दुकानात मी दोनच गोष्टी विचारल्या: अश्वशक्ती किती आणि किंमत किती. बागेला उतार किती, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

पहिल्याच हंगामात ट्रॅक्टर उताराला आडवा चालवत होतो. वरच्या अंगाचे चाक गवतात दडलेल्या खुंटावर चढले, त्याच वेळी खालचे चाक खड्ड्यात गेले. ट्रॅक्टर कलंडला आणि एका काजूच्या झाडाला टेकून राहिला. ते झाड तिथे होते म्हणून आज मी आपल्याशी बोलतो आहे. त्या दिवशी एक गोष्ट कळली. आधी उतार मोजायचा, मग टायर ठरवायचे आणि सर्वांत शेवटी स्लॅशरचे माप.

उतार मोजणे अवघड नाही. दहा फुटांची सरळ पट्टी घ्या. तिचे एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवा आणि गवंड्याची लेव्हल लावून पट्टी सपाट धरा. दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. ते दोन फूट भरले तर उतार सुमारे ११ अंश आहे, आणि दोन फूट आठ इंच भरले तर १५ अंश. बसून चालवायच्या गवतकापणी यंत्रांच्या अनेक माहितीपुस्तिकांत १५ अंश ही शेवटची मर्यादा सांगितलेली असते, तीही कोरड्या आणि एकसारख्या जमिनीसाठी. आपल्याकडे जांभ्याचे दगड, खुंट, वारुळे सगळेच असते. म्हणून मी दोन फुटांवर थांबतो. मोजायचे ते बागेतल्या सर्वांत उभ्या तुकड्यावर. सरासरी काढून उपयोग नाही.

आता टायर. ८.३-२० असे माप लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. उतारावर टायरकडून दोन कामे हवी असतात: पकड आणि तोल. पकड नक्षीतून मिळते. भाताच्या चिखलणीसाठी उंच कंगोऱ्यांचे टायर येतात. ते कातळासारख्या कडक जमिनीवर टोकांवरच चालतात आणि लवकर झिजतात. हिरवळीसाठीचे चपट्या नक्षीचे टायर गवत दुखवत नाहीत, पण ओल्या उतारावर घसरतात. बागेसाठी नेहमीचा शेतीचा टायर बरा. तो बसवताना दिशा पाहा. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहिले की नक्षी घराच्या छपरासारखी, टोक वर असलेली दिसली पाहिजे.

तोल मात्र नक्षीने येत नाही. तो चाकांमधल्या अंतराने येतो. बऱ्याच ट्रॅक्टरांची मागची चाके रिम उलटसुलट बसवून बाहेर सरकवता येतात. जेवढा रुंद पाय, तेवढा ट्रॅक्टर स्थिर. मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरले तर वजन वाढते आणि तेही जमिनीच्या जवळ राहते. चांगल्या पकडीचा टायर माणसाला जास्त उभ्या जागी जायचा धीर देतो, आणि तिथेच ट्रॅक्टर उलटतो. हे विसरू नका.

स्लॅशरचे माप ठरवताना मोठा तो चांगला, असे वाटते. मीही पाच फुटी घेतला होता. साधा ठोकताळा असा की पीटीओवर मिळणाऱ्या दर पाच अश्वशक्तीला एक फूट रुंदी. इंजिन २४ अश्वशक्तीचे असेल तर पीटीओवर सुमारे २० मिळतात, म्हणजे चार फूट. चढावर इंजिनाची बरीच ताकद चढण्यातच जाते, तेव्हा त्याहून मोठा नकोच. रुंद स्लॅशर उंचवट्यावर माती खरवडतो आणि खोलगटीत गवत तसेच सोडतो. शिवाय मागचे वजन वाढले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. मात्र मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा स्लॅशर अरुंदही नसावा. नाहीतर न कापलेले गवत चाकाखाली चिरडते.

चालवताना उताराला आडवे जाऊ नये, वर-खाली चालवावे. उतरताना खालचा गिअर ठेवावा, क्लच दाबू नये, आणि दोन्ही ब्रेक पट्टीने जोडलेले असावेत. स्लॅशरच्या पात्याने उडालेला दगड दूरवर जातो, तेव्हा पोरेबाळे आणि गुरे बागेबाहेर ठेवावीत. डोक्यामागे पोलादी चौकट असलेला ट्रॅक्टर मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या, आणि चौकट असेल तेव्हा पट्टाही बांधा. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे पुढे खूप घटले.

मी पाच फुटी स्लॅशर विकून चार फुटी घेतला. बागेचा वरचा उभा तुकडा आता ट्रॅक्टरने कापतच नाही. तिथे खांद्यावरचा ग्रास कटर घेऊन दोन माणसे चार दिवस काम करतात. तेवढी मजुरी जाते खरी, पण ट्रॅक्टर न्यायच्या जागा कोणत्या आणि पायी जायच्या कोणत्या, हे ठरवूनच यंर्त्र घ्यायला हवे होते. खरेदीला निघण्याआधी दहा फुटांची पट्टी घेऊन एकदा बागेत फिरून या.